कोळशावर उभा राहिलेला महाल

वेल्समधल्या कार्डिफच्या किल्ल्यात 'अरब रूम' नावाची एक खोली आहे. भिंतींना संगमरवर आणि वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरीव, सोनेरी छत. विल्यम बर्जेस या वास्तुरचनाकाराचं १८८१ मध्ये निधन झालं, तेव्हा हीच खोली सजवण्याचं काम चालू होतं.

हा पैसा आला कोळशातून. किल्ल्याचे मालक ब्यूट घराणं. १८०१ मध्ये कार्डिफची वस्ती दोन हजारही नव्हती. दुसऱ्या मार्क्विसने कर्ज डोक्यावर घेऊन १८३९ मध्ये गोदी बांधली. त्याच्या मृत्यूनंतर विश्वस्तांनी ऱ्हॉन्डा खोऱ्यात खोल खाण खणली आणि १८५५ मध्ये तिथल्या कोळशाची पहिली गाडी कार्डिफला आली. हा कोळसा धूर कमी आणि आच जास्त देई, म्हणून जगभरच्या आगबोटी तो मागू लागल्या. १९१३ मध्ये या बंदरातून एक कोटी टनांहून जास्त कोळसा बाहेर गेला. मालकांनी धोका पत्करला, शहर वसवलं, हे मान्य करायलाच हवं.

पण किल्ल्यातून ब्यूट स्ट्रीटने बंदराकडे चालत गेलं, की जुन्या टायगर बेची वस्ती लागते. येमेनी आणि सोमाली खलाशी इथेच राहत. कोकणातल्या ज्या घरांतली माणसं बोटीवर गेली, त्यांना हे जिणं सांगायला नको. मालकाने अरबी नक्षीची हौस किल्ल्यात भागवली. खरे अरब मात्र बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा लोटत होते.

उत्तरेला डोंगरात सेंगेनिथ हे गाव आहे. तिथल्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक जण मरण पावला. खाण ज्या कंपनीची होती, तिचे प्रमुख विल्यम टॉमस लुईस हे ब्यूट घराण्याच्या इस्टेटीचेही कारभारी राहिले होते. खटला चालला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला आणि कंपनीला १० पौंड.

१९४७ मध्ये ब्रिटनच्या खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या. त्याच वर्षी ब्यूट घराण्याने किल्ला शहराला देऊन टाकला. आज तिकीट काढून कोणीही तो पाहू शकतो.

औद्योगिक क्रांती शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर वाफेचं इंजिन काढतो आणि बाण दाखवून मोकळे होतो. त्या इंजिनाच्या पोटात कोळसा कोणी टाकला, तो कोणाच्या जमिनीतून आला आणि पैसा कुठे गेला, हेही मुलांना सांगायला हवं. कार्डिफला जाण्याचा योग आलाच, तर सोनेरी छत जरूर पाहा. मात्र सेंगेनिथच्या स्मारकासाठीही अर्धा दिवस राखून ठेवा. तिथे मृतांची नावं लिहिली आहेत. ती सावकाश वाचा.