गाढवाला टोपी कुठली?

पुस्तक लिहितो तो लेखक, छापतो तो प्रकाशक, आणि ते न वाचताच "हं, बरं दिसतंय" असं म्हणायला लावतो तो मुखपृष्ठवाला. या तिघांत मानधन ज्याला सर्वांत शेवटी मिळतं, तो मी.

परवा एक प्रकाशक प्राणिकथांचा संग्रह घेऊन आले. बारा लेखक, बारा कथा. सिंह, कोल्हा, ससा आणि एक गाढव. "सगळे माणसांसारखे वागतात हो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त जरा कपडे चढवा, झालं!"

'फक्त जरा कपडे'! म्हणे झालं! अहो, कुत्र्याच्या मागच्या पायाला उलटा वाकलेला जो गुडघा आपल्याला दिसतो, तो गुडघा नसतोच. ती त्याची टाच असते. खरा गुडघा वर, पोटाशी. आता त्याला लेंगा शिवायचा तर माप कुठून घ्यायचं? शेपटीचा प्रश्न तर मी अजून काढलेलाच नाही. गाढवाला चष्मा लावायचा म्हटलं तर कान डोक्याच्या माथ्यावर. काड्या अडकवायच्या कशाला? शिवाय डोळे दोन बाजूंना. एक भिंग हवेली तालुक्याकडे, दुसरं मुळशीकडे.

हे संकट जुनंच आहे. टेनियलसाहेबांनी 1865 साली ॲलिसच्या गोष्टीतल्या सशाला जाकीट आणि घड्याळ दिलं आणि तो ससा जन्मभर घाईत राहिला. बीट्रिक्स पॉटर या बाई जास्त हुशार. त्यांच्या 1902 सालच्या पुस्तकातल्या पीटर सशाला निळा कोट आहे, बूट आहेत. पण माळी मागे लागतो तेव्हा आधी बूट पडतात, आणि मग तो चार पायांवर पळायला लागतो, जास्त जोरात! पुढे कोटही जाळीत अडकून जातो. अंगावर कपडे आहेत तोवर माणूस, जिवावर बेतलं की ससा. आमच्या धंद्यातलं सगळं शास्त्र एवढंच आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये 1865 पासून शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी तर मुलाच्या 'जंगल बुक'साठी प्राणी काढले ते बिनकपड्यांचे. प्राणी बघितलेला माणूस!

आपल्याकडे निराळाच घोटाळा. पंचतंत्रातला कारस्थानी दमनक हा कोल्हा. इसापाचा द्राक्षं आंबट म्हणणारा खरं म्हणजे खोकड. पण मराठीत येताना त्याचाही कोल्हा झाला, आणि चित्रं विलायती पुस्तकांवरून उतरवल्यामुळे झुबकेदार लाल शेपटीचा झाला. आता मी आपला साधा, मातकट, गावाबाहेर ओरडणारा कोल्हा काढला की प्रकाशक म्हणतात, "हे कुत्रं कशाला घातलंत?"

तरी शरीरशास्त्र परवडलं. खरी पंचाईत टोपीची. प्रकाशकांना मुखपृष्ठावर गाढव हवं होतं आणि गाढवाला टोपी हवी होती. मी म्हटलं, "कुठली?" पांढरी घातली तर पुढारी रागावणार. पगडी घातली तर पुण्यातून पत्रं येणार. फेटा बांधला तर कोल्हापूरहून माणसंच येणार. काळा कोट घातला तर वकील नोटीस देणार, आणि चष्मा लावला तर मास्तर मंडळी काही बोलणार नाहीत, नुसती बघत राहतील. ते जास्त वाईट. टोपी घालण्याचा मराठीत दुसराही एक अर्थ आहे, पण तो मी प्रकाशकांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग उघडंच ठेवता?" ते म्हणाले. "लोकांना पशुसंवर्धनाचं पुस्तक वाटेल. टोपी नसेल तर दुसरा चित्रकार बघावा लागेल." आमची ही आतून कानोसा घेत होती, विजेचं बिल यायचं होतं. तरी मी म्हटलं, "बघा." कारण प्राण्याच्या गोष्टीची सगळी गंमत त्या कातड्यात आहे. कातडं कुणाच्याच मालकीचं नसतं, म्हणून त्यातून कुणालाही चार शब्द सुनावता येतात. टोपी घातली की ते एकाचं होतं आणि बाकीचे सुटतात.

दोन दिवसांनी चित्र दिलं. गाढव गाढवासारखंच, अंगावर सूतभरही नाही. फक्त खुर्चीत बसवलं. पायावर पाय, मान किंचित वर. समोरच्याचं बोलणं संपायची वाट न बघता आपलं उत्तर तयार ठेवलेलं.

प्रकाशकांनी चित्र हातात घेतलं आणि खदखदून हसले. "अहो, हे तर आमचे थोरले मेव्हणे!" एका लेखकाने फोन करून सांगितलं की प्रकाशक हुबेहूब आलेत. आमच्या हिने माझ्या एका काकांचं नाव घेतलं.

चित्र छापून आलं. आतापर्यंत सात जणांनी त्या गाढवाला ओळखलंय. सात जणांची सात नावं. स्वतःचं नाव अजून एकानेही घेतलेलं नाही.