रिकामा रकाना

माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसून आजोळी रेवदंड्याला जात असू. आईच्या पिशवीत कपडे, खाऊ आणि शाळेतून आणलेली चारदोन गोष्टींची पुस्तके असत. तीच पुस्तके आम्ही सुट्टीभर पुनःपुन्हा वाचून पाठ करीत असू. किती वाचली, हे आम्हांला कोणी कधी विचारले नाही. शाळा उघडली की बाईंचा प्रश्न एकच असे, "पान फाटले नाही ना?"

येथे ईलिंगमध्ये मात्र मुलांच्या सुट्टीतील वाचनाची रीतसर मोजदाद होते. 'समर रीडिंग चॅलेंज' नावाचा हा उपक्रम ब्रिटनच्या सार्वजनिक वाचनालयांत १९९९ पासून चालू आहे. तो मुख्यतः ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाने नाव नोंदवायचे आणि सुट्टीत आपल्या आवडीची सहा पुस्तके वाचायची. मधून मधून चिकटवायची चित्रे मिळतात आणि शेवटी प्रशस्तिपत्र. सर्व काही फुकट. कोरोनाच्या साथीपूर्वी देशभरातून दरवर्षी सुमारे ७ लाख मुले यात भाग घेत असत.

निवृत्तीनंतर मी घराजवळच्या एका वाचनालयात या कामासाठी स्वयंसेविका म्हणून बसू लागले. मुलाला गोष्टीविषयी दोन प्रश्न विचारायचे आणि तक्त्यावर खूण करायची, एवढेच काम. जन्मभर रोग्यांच्या तापाचे तक्ते भरलेल्या बाईला ते अवघड कसले?

पहिल्याच उन्हाळ्यात सातआठ वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीचा हात धरून येई. त्याने अस्वलाच्या गोष्टीचे एक पुस्तक नेले. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यातही तेच. मी जरा वॉर्डातल्या शिस्तीने म्हटले, "बाळ, हे परत मोजता येणार नाही. नवे घे." त्याने पुस्तक टेबलावर ठेवले, बहिणीचा हात धरला आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही. सप्टेंबरात तक्ते गोळा केले तेव्हा त्याच्या नावापुढे 'नाव नोंदविले' या रकान्यात खूण होती आणि 'पूर्ण केले' हा रकाना रिकामा होता.

आकड्यांवर माझा राग नाही. नर्सला आकड्यांवाचून चालत नाही. पण आकडा वाचावा कसा, हेही आम्हांला शिकविलेले असते. लस टोचून घ्यायला किती बालके आली, एवढ्याने भागत नाही. वस्तीत बालके किती आहेत, हे ठाऊक हवे. २०२१ च्या जनगणनेत ईलिंग बरोची वस्ती ३ लाख ६७ हजारांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या वस्तीत शंभर मुले आली, तर ती थोडी की पुष्कळ, हे भोवतालच्या मुलांच्या संख्येवरूनच ठरेल. शिवाय नाव घालणारे किती आणि पुरे करणारे किती, हे दोन आकडे वेगळे ठेवले पाहिजेत.

बार्बरा हाइन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक लिहिले. सुट्टीत पुस्तके वाचणारी आणि वाचनालयात जाणारी मुले अभ्यासात पुढे सरकतात, असे त्यांना आढळले. मला ते पटते. पण दवाखान्यातही आधी येतात ती काळजी घेणाऱ्यांचीच मुले. ज्यांचे आईबाप दोन पाळ्यांत राबतात किंवा ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते, त्यांची मुले कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत.

पुढल्या उन्हाळ्यात तीच धाकटी मुलगी आईबरोबर नाव घालायला आली. आता ती चार वर्षांची झाली होती. तिने अस्वलाचेच पुस्तक मागितले आणि पाने उलटीत सगळी गोष्ट घडाघडा म्हणून दाखविली. आई म्हणाली, "भाऊ रोज रात्री तिला वाचून दाखवायचा. त्याला अक्षरे जुळवायला फार कष्ट पडतात. शेवटपर्यंत एकट्याने वाचलेले ते त्याचे पहिलेच पुस्तक. पण इथे माझे वाचन मोजत नाहीत म्हणतो, आणि आत यायला तयार नाही."

मला बसवेना. बाहेर गेले. तो दाराशी कठड्याला टेकून उभा होता. मी म्हटले, "गेल्या वर्षी माझे चुकले. ते पुस्तक मोजायला हवे होते."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा," मी म्हणाले.

तो आत आला. त्या वर्षी त्याची चारच पुस्तके झाली. सहा झाली नाहीत. रकाना पुन्हा रिकामाच राहिला. पण सप्टेंबर उलटला तरी तो वाचनालयात येत होता.

असो. आपल्या मंडळींपैकी कोणी मुलांसाठी असा उपक्रम चालवीत असतील, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : मोजदाद अवश्य ठेवा. मात्र रिकामा रकाना दिसला की त्या मुलाच्या घरी एकदा विचारपूस करा. तापाचा तक्ता पाहून झाल्यावर आम्ही रोग्याजवळ जात असू, तसेच हे आहे.