मनीला ताप नव्हता

"डॉक्टर, उन्हाळ्यात मांजराला ओआरएस दिलं तर चालतंय का?" बीपीच्या गोळ्या लिहून घेता घेता एका पेशंटने गेल्या आठवड्यात विचारलं. मी माणसांचा डॉक्टर. पण या विषयात माझी एक मोठी चूक जमा आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. वळीव अजून पडला नव्हता. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मनी दुपारभर अडकली. दार मीच लावलं होतं. सापडली तेव्हा तोंड उघडं टाकून धापा टाकत होती, लाळ गळत होती, अंगाला चटका बसत होता. ताप समजून मी पॅरासिटामॉलचं सिरप चमच्यात ओतलंही. मुलगी म्हणाली, "बाबा, जनावरांच्या डॉक्टरांना आधी विचारा की." फोनवर ते जवळजवळ ओरडलेच, "सर, एक थेंबही नको!"

आपल्या यकृतात पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून बाहेर टाकायची जी मुख्य वाट आहे, ती मांजरात फार तोकडी असते. साठलेलं विष तांबड्या पेशींवर हल्ला करतं, हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहीनासं होतं. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आणि उष्माघात म्हणजे ताप नव्हेच. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, म्हणून पॅरासिटामॉल लागू पडतं. उष्माघातात बाहेरची उष्णता शरीराला आवरत नाही. शेतात चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या बाबतीत हे मी झोपेतही सांगितलं असतं. घरच्या मांजरापुढे एमडी विसरलो!

मग नळाच्या साध्या पाण्याने तिचे पंजे, पोट भिजवलं, पंखा लावला आणि तशीच दवाखान्यात नेली. बर्फ लावायचा नाही; कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. सलाईन लागलं, रात्र काळजीत गेली, पण मनी वाचली.

मांजराचं तापमान एरवीही ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे हात लावून ताप ठरवू नका. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग चाटायचं, थुंकी वाळली की गारवा. कुत्र्याचं धापणं नेहमीचं. शांत बसलेलं मांजर धापायला लागलं तर गाडी काढा. चपट्या नाकाच्या पर्शियनला तर जास्तच जपा.

पाणी मांजर मुळातच कमी पितं, त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातले. कुंभाराकडून दोन-तीन पसरट मातीची भांडी आणा, जेवणापासून लांब, सावलीत ठेवा. दुपारी मोरीचं दार उघडं राहू द्या, ओली फरशी ते आपोआप शोधतं. केस भादरू नका, विंचरा.

ओआरएस? मनाने देऊ नका, साधं पाणी पुरे. आणि बोका लघवीला बसून कुंथतोय, पण होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.