नांगर न गेलेली जागा

मुळशी धरणात गेलेल्या गावांचं नशीब असं की, विमानातून जमिनीचे फोटो काढण्याची विद्या जेव्हा वयात येत होती, नेमकी तेव्हाच ती गावं पाण्याखाली गेली. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट हे नाव त्यातूनच ‘सेनापती बापट’ झालं. १९२४ पर्यंत लढा विझला होता. त्याच १९२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर कीलर विमान भाड्याने घेऊन शेतांवरून फिरत होते. जमिनीवर उभं राहून न दिसणारे जुने बांध, खंदक, थडगी त्यांना वरून दिसत होती. आणि त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात, ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या मुखाकडे, विमानातून जंगलांचं सर्वेक्षण सुरू झालं. लाकडाची मोजदाद करायची होती. म्हणजे कॅमेरा होता, विमान होतं, सरकारही तेच होतं. मावळ्यांची भातखाचरं वरून टिपून ठेवावीत असं वाटायला मात्र कुणाला काही कारण नव्हतं.

त्या गावांचं ‘वरून दिसणारं’ रूप आज शोधायचं तर भूमि अभिलेख कार्यालयातल्या जुन्या गावनकाशांकडे जावं लागतं. पुणे जिल्ह्यात ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूरपासून सुरू झाली. साखळी ओढत, बांधाबांधाने चालत माणसांनी हे नकाशे केले. पाखराची नजर, पण पायी चालून मिळवलेली! त्यात सर्व्हे नंबर आहे, हद्द आहे, ओढा आहे. पण नकाशा तेवढंच दाखवतो जेवढ्यावर सारा बसतो. कुळाची झोपडी, खळं, पायवाट, पोरं जिथे खेळायची ती मोकळी जागा, यांच्यावर सारा नव्हता. राजेंद्र व्होरांनी मुळशीवरच्या पुस्तकात दाखवलंय की जमिनीचे कागद असलेले पुण्याचे सावकार आणि जमीन कसणारी कुळं यांचं हित वेगवेगळं होतं. कागद पाहिला की सावकार दिसतो. कसणारा दिसायला वेगळा पुरावा लागतो.

मुळशी तालुक्यातल्याच दुसऱ्या एका खोऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुळेच्या दक्षिणेला मुठेचं खोरं, त्याच्याही दक्षिणेला मोसे नदीचं. मोसेवर वरसगावचं धरण झालं ते मुळशीनंतर कितीतरी दशकांनी. आज त्याच पाण्याच्या काठावर लवासा आहे. हे खोरं बुडण्याआधी त्याच्यावरून कॅमेरे जाऊन आले होते, आणि त्यातले काही अमेरिकन हेरगिरीचे होते.

त्या उपग्रहांचं नाव कोरोना. दचकू नका, हे नाव रोगाच्या साठ वर्षं आधीचं. १९६० ते १९७२ या काळात हे उपग्रह फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडायचे आणि विमान ती हवेतल्या हवेत झेलायचं. शोध चालला होता रशियाच्या क्षेपणास्त्रांचा. वाटेत सगळ्या जगाची शेतं, नद्या, वस्त्याही टिपल्या गेल्या. १९९५ मध्ये अमेरिकेने आठ लाखांहून जास्त फोटो खुले केले. सीरिया-इराकमधल्या हजारो वर्षं जुन्या पायवाटा संशोधकांनी त्यातून शोधून काढल्या, कारण नंतरच्या नांगरटीने आणि धरणांनी त्या पुसल्या होत्या. भारताचेही पुष्कळ फोटो आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर नकाशात बोट ठेवून ते शोधता येतात. आधी कुणी स्कॅन करवून घेतलेला असेल तर फुकट मिळतो, नसेल तर पैसे भरायचे.

माझं आजोळ मोसे खोऱ्यातलं. गाव छोटं, मुलाण्यांची तीन घरं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तीन घरं म्हटल्यावर माणसं लगेच ओळखू येतील. मी त्या खोऱ्याची पट्टी मिळवली. कोरोनाची पट्टी सरळ नसते. कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरत फोटो घ्यायचा, त्यामुळे कडेचे भाग ताणले जातात. आजच्या नकाशावर ती बसवायची तर दोन्हीकडे न बदललेल्या खुणा लागतात. नदीची वळणं पाण्यात गेलेली, रस्ते नवे. शेवटी किल्ले कामाला येतात. आंबवण्याजवळच्या कोराईगडाचा तट आणि माथ्यावरची दोन तळी वरून ओळखू येतात. डोंगराच्या धारा तर असतातच. सह्याद्रीत काम करणाऱ्याला हा एक फायदा आहे.

मोठा प्रिंट काढून मी थोरल्या मामूंसमोर ठेवला. वय ऐंशीच्या पुढे. उत्तर वर, दक्षिण खाली, नकाशात असते तशी. त्यांनी चष्मा सारखा केला, जरा वेळ पाहिलं आणि कागद सरळ उलटा फिरवला.

“असं बघायचं असतं,” ते म्हणाले. “मुठा खोऱ्यातनं डोंगर चढून आलो की गाव असंच दिसायचं.”

यात एक गंमत आहे, आणि ती फोटो वाचण्याच्या पुस्तकांतही सांगितलेली असते. आपल्याकडे हिवाळ्यात सावल्या उत्तरेला पडतात. उत्तर वर ठेवून फोटो पाहिला की सावल्या आपल्यापासून लांब जातात आणि डोळा फसतो, दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा दिसायला लागतो. सावल्या पाहणाऱ्याकडे येतील असा कागद धरला की सगळं जागच्या जागी येतं. मामूंनी हे कुठे वाचलं नव्हतं. ते उत्तरेकडच्या डोंगरावरून खाली उतरायचे, एवढंच.

मग त्यांचं बोट चालू लागलं. ही नदी. हा पाटलांचा मळा. ही आंब्याची रांग. ही काळी गोल जागा म्हणजे देवराई, तिथली काटकीसुद्धा कुणी आणायचं नाही, आम्हीसुद्धा नाही. खाचरांच्या बारीक रेषांमध्ये एक फिकट, वेडावाकडा तुकडा होता. मला ते पडीक रान वाटेल असाच होता तो.

“ये खेत नै,” मामू म्हणाले. “यहाँ नांगर नै चलता था.”

ते कबरस्तान होतं. त्यांचे आजोबा तिथे आहेत, माझ्या आईची एक धाकटी बहीण तिथे आहे, जिचं नाव घरात मी प्रथमच ऐकलं. मामूंनी फोटोवर हात ठेवूनच फातेहा पढला. शेजारच्या ओढ्याकाठी असाच आणखी एक तुकडा होता, त्यावर बोट ठेवून म्हणाले, हे मराठ्यांचं मसणवट.

इतक्या उंचीवरून एकेक कबर दिसत नाही. कोरोनाच्या सर्वांत चांगल्या फोटोतही सुमारे दोन मीटरच्या खालचं काही धड उमटत नाही. दिसतं ते एवढंच की भोवतालची इंच न् इंच जमीन कसलेली असताना हा तुकडा कुणीतरी न नांगरता सोडलेला आहे. का सोडला, हे फोटोला माहीत नसतं, ते मामूंना माहीत असतं. आणि मामू एकटेच सांगू लागले असते तर “तिथे वडाच्या पलीकडे” एवढंच सांगू शकले असते, वडही पाण्यात आणि पलीकडही पाण्यात. आज त्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश माझ्या वहीत आहेत.

याचा अर्थ फोटो म्हणजे मालकीचा दाखला असा नव्हे. फोटो वापर दाखवतो, हक्क नाही. आणि वापराच्या बाबतीतही तो तारखेनिशी वाचावा लागतो. पावसाळ्यात मुळशीवर ढगांची गोधडी असते, म्हणून बरेचसे उपयोगी फोटो दिवाळीनंतरचे. फेब्रुवारीत आपले डोंगर वाळल्या गवताने पिवळे पडतात आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत उजाड भासतात. असा जुना फोटो आणि ऑक्टोबरातला आजचा हिरवा फोटो शेजारी ठेवून “बघा, झाडी वाढली” म्हणणारे मी पाहिलेत. उलट युक्ती करणारेही. ऋतू जुळल्याशिवाय तुलना करू नये. दाट झाडी मात्र कुठल्याही ऋतूत गडद उमटते, म्हणून देवरायांसाठी हे फोटो फार मोलाचे आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास पायी फिरून केला. त्याच्याही आधी एखादी राई किती पसरलेली होती हे पट्टीवर मोजता येतं, आणि आज तिची हद्द कुठे सरकली तेही. लवासाच्या उतारांवर रस्ते कापण्याआधी काय होतं, याचं उत्तरही त्याच फिल्मवर आहे.

आपल्या स्वतःच्या सरकारच्या विमानांनीही या देशाचे फोटो काढलेत आणि ते कोरोनापेक्षा बारकाईचे असतात. लागोपाठच्या दोन फोटोंत साठ टक्के भाग तोच ठेवलेला असतो, त्यामुळे दुर्बिणीसारख्या साध्या उपकरणातून जोडी पाहिली की घर, झाड, बांध उठून उभे राहतात. पण हे फोटो पिढ्यान्‌पिढ्या संरक्षण खात्याच्या परवानगीच्या कुलपात राहिले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे आणि मोजणीवरची बंधनं बरीच सैल केली, ते चांगलंच झालं. जुन्या फोटोंचे गठ्ठे गावकऱ्याच्या हातात पडणं ही पुढची पायरी. स्वतःच्या बुडालेल्या गावाचं चित्र मला परक्या देशाच्या हेरखात्याकडून मिळावं, हे मला अजूनही पचत नाही.

मामूंनी त्या दिवशी प्रिंटवर एकवीस नावं सांगितली. मी पेन्सिलीने लिहिली. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन चौकोन राहिले, ते त्यांना आठवेनात. म्हणाले, तिकडचं कातकऱ्यांना ठाऊक, त्यांच्यातली एक म्हातारी भुकूमला लेकीकडे असते. पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन तिच्याकडे जायचं ठरलंय. कागद तिच्यासमोर कुठल्या बाजूने ठेवायचा, ते तिलाच ठरवू देणार आहे.