विंडसरचा गुरुवार

लंडनला लेकी-सुनांकडे जाऊन राहणाऱ्या आमच्या पिढीतील मंडळींच्या वाट्याला विंडसरचा किल्ला बहुधा येतोच. लंडनच्या पश्चिमेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर, थेम्सच्या काठी, सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल अशा अंतरावर तो आहे. मुलांच्या नोकऱ्या असल्यामुळे तो बेत रविवारी ठरतो. आमचाही रविवारीच ठरला होता. तो रविवारवरून गुरुवारी नेण्यास मला चार दिवस खर्ची घालावे लागले.

किल्ला म्हटला की आम्हां बडोदेकरांच्या डोळ्यांसमोर पावागड उभा राहतो. विंडसरला त्या अर्थाने किल्ला म्हणण्यास मन घेत नाही. विल्यम दि काँकररने १०७०च्या सुमारास तो बांधावयास घेतला आणि तेव्हापासून राजघराण्याने तो कधी पुरता सोडला नाही. तेरा एकरांचा तो राबता वाडाच आहे. (लक्ष्मीविलासच्या सावलीत वाढलेला माणूस परदेशी राजवाडा पाहताना मनातल्या मनात टेप लावतोच. मीही लावली. निकाल सांगत नाही.)

बेताला लागलो तेव्हा प्रथम ध्यानात आले ते असे, की मंगळवारी आणि बुधवारी किल्ला पर्यटकांना बंद असतो. रविवारी तो उघडा असतो, पण आतील सेंट जॉर्ज चॅपल त्या दिवशी केवळ उपासनेसाठी येणाऱ्यांना मोकळे असते. इतर दिवशीही तेथे दुपारी चारपर्यंतच प्रवेश मिळतो. लेकीच्या दृष्टीने ही किरकोळ बाब होती. "बाबा, दालने बघा, चित्रे बघा. एक चर्च राहिले तर काय बिघडले? पुढच्या वेळी पाहा," असे ती म्हणाली. मला शहात्तरावे लागले आहे. 'पुढच्या वेळी' हा शब्द मी आता हिशेबात धरीत नाही.

त्या चॅपलमध्ये आठवा हेन्री आहे, शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथही तेथेच विसावली. मला मात्र पाहावयाचा होता पंचम जॉर्ज. १९१७ साली आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून या किल्ल्याचे नाव धारण करणारा राजा तो हाच, आणि १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सिंहासनावर बसलेला सम्राटही हाच. निजामामागून सयाजीराव महाराज पुढे झाले. अंगावर दरबारी थाट बेताचाच होता. त्यांनी एकदाच मान लवविली आणि रिवाजाप्रमाणे मागे मागे न सरता पाठ फिरवून ते चालते झाले. विलायतेतील वर्तमानपत्रांना त्यात राजद्रोहाचा वास आला. पुढे महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना खुलाशाचे आणि दिलगिरीचे पत्र लिहिले, हे सर्वश्रुत आहे.

माझे आजोबा तेव्हा हुजूर कचेरीत कारकून होते. आमच्या दांडिया बाजारातील घरात या प्रसंगाची पारायणे होत. त्यांत पाठ फिरविण्याचा भाग असे, पत्राचा नसे. पत्राविषयी आजोबा एकदाच बोलल्याचे मला आठवते. मल्हारराव महाराजांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून उतरविले, त्याला तेव्हा छत्तीसच वर्षे झाली होती. ते पाहिलेली माणसे कचेरीत होती. दिल्लीची बातमी आल्यावर कित्येक दिवस कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते, असे आजोबा म्हणाले. महाराज गेले तर शाळा, ग्रंथालये, सारेच गेले, ही धास्ती प्रत्येकाला होती. महाराजांनी पाठ मुद्दाम फिरविली की गडबडीत तसे झाले, यावर विद्वान अजून वाद घालतात. मला ते पाठ फिरविणे आणि ते पत्र ही दोन्ही एकाच माणसाची वाटतात, आणि पत्र लिहिणे अधिक अवघड गेले असावे असेही वाटते. ज्याच्यामुळे आजोबांच्या तोंडचे पाणी पळाले, त्या राजाच्या थडग्यापुढे आमच्या घरातील एकाने उभे राहून यावे, एवढीच माझी इच्छा होती. लेकीला हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "पण गुरुवारी तुमच्याबरोबर कोण येणार?"

खरी अडचण ही होती. शनिवारी नातवाचा पोहण्याचा वर्ग, सोमवारी-शुक्रवारी लेकीच्या बैठका. गुरुवारी जायचे तर आम्हां दोघांनाच जावे लागणार. हिचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललेला, आणि मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे स्थानकावरील घोषणा माझ्यापुरत्या झाल्या काय, न झाल्या काय, सारखेच. जावई समजूतदार. ते म्हणाले, "आपण एक दिवस रजा टाकू." त्यावर ही म्हणाली, "रजा कशाला? बडोद्याहून आम्ही दोघेच आलो ना?" बेत तेथे अर्धा पक्का झाला.

उरलेला अर्धा गाड्यांचा. लेकीचे घर हॅरोला. तेथून बेकरलू मार्गाची गाडी पॅडिंग्टनलाही जाते आणि वॉटर्लूलाही. वॉटर्लूहून विंडसरला थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. पॅडिंग्टनहून गेल्यास वेळ कमी लागतो, पण स्लाव्हला गाडी बदलावी लागते. लेकीचे मत अर्थातच थेट गाडीचे. मी नकाशा पसरून बसलो. वॉटर्लूची गाडी नदीकाठच्या स्थानकात सोडते आणि तेथून किल्ल्यापर्यंत चढ आहे. स्लाव्हवरून जाणारी गाडी किल्ल्याच्या जवळजवळ समोर उतरविते. गुडघ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा. म्हणून जाताना पॅडिंग्टन, येताना उतार धरून नदीकाठचे स्थानक आणि वॉटर्लू असे ठरविले. त्यासाठी तिकिटे निरनिराळी काढावी लागली तरी चालतील. स्लाव्ह-विंडसर हा लोहमार्ग सहा मिनिटांचा, मध्ये एकही स्थानक नाही. चुकीच्या ठिकाणी उतरण्याची सोयच नाही म्हटल्यावर लेकीचा चेहरा जरा निवळला. किल्ल्याची तिकिटे तिनेच आगाऊ काढून दिली. तशी ती स्वस्त पडतात.

हिचा या बेतातील स्वार्थ निराळा होता. किल्ल्यात राणी मेरीचे बाहुलीघर आहे. एडविन ल्युटेन्सच्या आराखड्यावरून १९२४ मध्ये पुरे झालेले, मूळ वस्तूंच्या एक-द्वादशांश मापाचे. त्याच्या नळांना खरेच पाणी येते. म्हणजे नवरा माझ्याकडे आणि बायकोची भातुकली हिच्याकडे, अशी वाटणी झाली. अकरा वाजता होणारा पहारेकऱ्यांच्या बदलीचा सोहळाही त्या गुरुवारी होता. हा मुद्दा मी लेकीपुढे पुन्हापुन्हा मांडला.

दिवस सुरळीत गेला. स्लाव्हच्या फलाटावर एका सरदारजींनी आपण होऊन गाडी दाखविली. विमानतळावर होते तशी झडती झाली, तेव्हा थेपल्यांचा डबा उघडून दाखवावा लागला. दालनांत जिन्याऐवजी लिफ्ट मिळाली. श्रीरंगपट्टणाहून १७९९ साली आणलेले टिपूच्या सिंहासनाचे सुवर्णव्याघ्रमुख तेथे काचेआड आहे. त्या लढाईत निजामाच्या पलटणी इंग्रजांच्या बाजूने होत्या, हे तेथील किती प्रेक्षकांना ठाऊक असेल कोण जाणे. १९९२ च्या आगीत जळालेली दालने पुन्हा उभारताना बहुतेक खर्च बकिंगहॅम राजवाड्याला तिकीट लावून भागविला, हे ऐकून मात्र मौज वाटली. गरज पडली की राजवाडे सगळीकडे सारखेच वागतात. भातुकलीपाशी ही वीस मिनिटे हलली नाही.

चॅपलमध्ये पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. राजा-राणीच्या दगडी मूर्ती शेजारी शेजारी निजलेल्या. ही एका खुर्चीवर टेकली. मी उभा राहिलो. हात जोडले. मेलेल्या माणसाला आपण जोडतोच.

"आता पाठ फिरवणार का तुम्ही?" हिने हळूच विचारले. नेमकी माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली होती.

मागे वीस-पंचवीस माणसे ताटकळत होती आणि मागे मागे सरण्यास जागाच नव्हती. मी वळलो आणि हिला उठावयास हात दिला. आठव्या हेन्रीच्या दरवाजातून उतरून नदीकाठी आलो, राहिलेले थेपले खाल्ले आणि स्थानकावरून लेकीला फोन लावला. हिने तो माझ्या हातून घेतला आणि गाडी सुटेपर्यंत तिला भातुकलीतील नळांविषयी सांगत राहिली.