मांजरपाटातली खोकी

लालबाग-परळच्या घरांतून नव्वदच्या दशकातले टीव्ही गेम अजून निघतात. यंत्र निघतं, कंट्रोलर निघतात, पिवळ्या कॅसेटा निघतात. खोकं मात्र क्वचितच. दहा बाय बाराच्या खोलीत रिकाम्या खोक्याला कोण जागा देणार? जी वाचली ती दुकानदाराच्या तंबीमुळे: ‘बदलून हवं असेल तर खोक्यासकट आणा.’ मग त्यात पणत्या गेल्या, लाइट बिलं गेली, आणि खोकं पोटमाळ्यावर चढलं. मी ही खोकी जमवतो, दुरुस्त करतो.

निन्टेंडोचं फॅमिकॉम हे टीव्ही गेमचं यंत्र जपानात १९८३ साली आलं. आपल्या चाळींत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला: लिटल मास्टर, टर्मिनेटर. या नकलांवर फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचा जांभळा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, आतल्या पाकळीवर मुलाने गिरवलेलं नाव, एवढीच त्यांची कागदपत्रं. म्हणून मी खोकं साफ करतो ते मऊ कोरड्या ब्रशने, आणि या खुणांच्या अलीकडे हात थांबवतो.

पुठ्ठा बहुधा डुप्लेक्स: समोर पांढरा गुळगुळीत थर, मागे रद्दीच्या लगद्याचा राखाडी थर. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते तेव्हा राखाडी बाजू ओलावा पिऊन फुगते, पुढची बाजू तितकी फुगत नाही, आणि खोक्याला वाक येतो. ६५-७० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी. पाठोपाठ कसर आणि झुरळं. त्यांना पुठ्ठ्यापेक्षा डिंक आणि खळ प्रिय.

परदेशातले संग्राहक प्रत्येक खोक्याला पारदर्शक प्लॅस्टिकचं घट्ट कवच घालतात. कोरड्या, एकसारख्या तापमानाच्या घरात ते शोभतं. इथे जुलैत बंद केलेलं कवच जुलैची ओल आत कोंडून ठेवतं. त्यात ते पीव्हीसीचं असेल तर त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन छपाईला चिकटतं. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यातच कामाच्या; उघड्या कपाटात मुंबईची हवा त्यांना लवकरच भिजवून टाकते.

माझा मार्ग पुण्याच्या पेशवे दप्तराकडून आला. तिथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवायची रीत आहे. कापड धूळ अडवतं, उजेड अडवतं, वारा अडवत नाही. मीही खोकी बिनरंगी मांजरपाटात बांधतो. नवं कापड आधी कढत पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी लागते, नाहीतर कसरीला आपणच आमंत्रण दिल्यासारखं. गाठ सैल. रबरबँड कधीही नाही. तो वितळून छपाईवर तपकिरी रेघ सोडतो. कपाट पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवायचं नाही, मागे चार बोटं जागा हवी. पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमात्याच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर खालचा कप्पा रिकामाच ठेवावा. पोटमाळा मेमध्ये तापतो आणि पावसात गळतो, तो नकोच.

दुरुस्तीत मला सर्वांत जास्त त्रास देतो तो सेलोटेप. काही वर्षांनी प्लॅस्टिकची पट्टी आपोआप गळते आणि मागे राहतो तो पिवळा गोंद पुठ्ठ्यात मुरलेला. तो ओढून काढला तर छपाई जाते, म्हणून बरेचदा मी तो तसाच ठेवतो. फाटलेली पाकळी आतल्या बाजूने पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून जोडतो. गिरगावातले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. त्यांच्या हाताबद्दल मला अपार आदर आहे, पण मोरचुदातलं तांबं कागदाला काळाबरोबर ठिसूळ करतं. माझी खळ बिनमोरचुदाची, ताजी, आणि अगदी पातळ.

आतल्या थर्माकोलकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वायरीच्या वेष्टणातलं पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोल खातं. वीस वर्षांनी खोकं उघडावं तर वायर त्यात रुतून बसलेली. वायरी आधी कोऱ्या कागदात गुंडाळाव्या. डांबराच्या गोळ्यांची वाफही थर्माकोल आणि कॅसेटीचं प्लॅस्टिक मऊ करू शकते. कपड्यांच्या कपाटातली ही सवय इथे नको.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, गिरगावातल्या इमारतीही रिकाम्या होताहेत. सामान हलवताना पोटमाळा शेवटी उतरतो आणि थेट रद्दीवाल्याकडे जातो. तुमच्याकडे असं खोकं निघालं तर ते पुसू नका, टेपने जोडू नका. सपाट करून ठेवण्याचा मोह होईल, पण जुनी घडी उलट दुमडली की पुठ्ठा तिथेच तुटतो. सहाही बाजूंचे फोटो घ्या, आतल्या पाकळ्यांचेही. मग बांधून ठेवायला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पुरे.