गाणं हातचं राखून

‘सैराट’ लागला त्या २०१६च्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ सुरू झालं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे जायची आणि नाचायची. शिट्ट्या, उधळलेली चिल्लर, नाचणाऱ्यांच्या पाठीवर पडद्याचा उजेड. तिकीट काढून आलेल्या माणसाने गप्प बसूनच सिनेमा बघावा असा काही कायदा नाही, आणि त्या नाचणाऱ्या पोरांचं मला फार कौतुक वाटलं. मग ते गाणं हळदीत गेलं, वरातीत गेलं, बँजो पार्ट्यांनी उचललं, गणपतीच्या मिरवणुकीत वाजलं. आजही ते लागलं की लग्नाला आलेल्या आत्या-मावश्या पदर खोचतात.

मला संगीतातलं शास्त्र कळत नाही. शुक्रवारी काय लागलंय ते बघते, आवडलं तर पुन्हा जाते, गाणी स्वयंपाक करताना ऐकते. पण अशा ऐकण्या-बघण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. दिग्दर्शकाची खरी पारख गाणं कुठे घातलं यावरून होत नाही. त्याने ते कुठे थांबवलं यावरून होते.

‘सैराट’मध्ये गाणी चारच. ‘याड लागलं’, मग ‘आताच बया का बावरलं’, मग ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. संगीतकार अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत अख्खा सिम्फनी वाद्यवृंद बसवला होता. करमाळ्याकडच्या गावातल्या, मासे धरणाऱ्याच्या पोराच्या, परश्याच्या प्रेमाला एवढी व्हायोलिनं कशाला, असं काही जण म्हणाले. मला वाटतं, त्यालाच हवीत. परश्या आर्चीसाठी धावत सुटतो तेव्हा त्याच्या छातीत जे चाललेलं असतं ते एका पेटीत आणि ढोलकीत मावणारं नाही. एवढं भव्य संगीत आजवर राजवाड्यांच्या आणि परदेशातल्या बर्फाच्या वाट्याला आलं. उसाच्या फडाला आणि विहिरीच्या काठाला ते मिळालं याचा मला आनंदच आहे. आणि श्रेया घोषालच्या आवाजातलं आर्चीचं गाणं तर खास तिचं. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, कुणालाही न भिणारी पोरगी त्यात एकटीच स्वतःशी लाजते.

‘झिंगाट’ हे त्या सिनेमातलं शेवटचं गाणं. नाच संपतो, दोघं पकडली जातात, मारहाण सुरू होते आणि तिथून पुढे गाणं नाही. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, पुन्हा जुळणं, लेकरू, या कशालाच गाणं मिळत नाही. पहिल्यांदा बघताना मी वाट बघत होते की आता एखादं येईल, दोघांना जरा उसंत मिळेल. आलं नाही. आणि अखेर लहानगा रडत बाहेर चालू लागतो तेव्हा तर आवाजच काढून घेतलेला असतो. आधी गाण्यांनी आपल्याला एवढं भरून टाकलं नसतं तर ते मुकेपण असं अंगावर आलं नसतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आपल्याला नाचवलं ते याचसाठी, असं मला वाटतं.

त्यांनी हे आधीही केलं होतं. २०१४ साली ‘फँड्री’ लागण्यापूर्वी अजय-अतुलचं एक गाणं सगळीकडे वाजत होतं. त्या गाण्यापायी कितीतरी जण थिएटरात गेले, आणि सिनेमात ते गाणं नाहीच. डुक्कर पकडायला धावणारा जब्या आणि त्याच्या घरचे मात्र शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर निसटून जातं. त्या सिनेमातलं मला सर्वांत जास्त लक्षात राहिलेलं संगीत हेच.

‘झिंगाट’ची चाल २०१८ला ‘सैराट’च्या हिंदी अवताराबरोबर, ‘धडक’बरोबर, उदयपूरला गेली. संगीतकार तेच, ताल तोच. ते ऐकून माझा पाय काही हलला नाही. गाण्याखालची माती बदलली की असं होतं.

आता बऱ्याच सिनेमांचं गाणं महिनाभर आधी मोबाइलवर येतं, त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा सगळे नाचून दाखवतात, आणि प्रत्यक्ष सिनेमात ते आलं की कथा बाजूला होऊन त्याला वाट करून देते. मला हे बघवत नाही. गाण्याची चूक नसते. त्याला घर दिलेलं नसतं. ‘बाईपण भारी देवा’ मला आवडला तो त्यातल्या गाण्यांना असं घर होतं म्हणून. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, त्यामुळे झिम्मा-फुगडी बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही. दमलेल्या गुडघ्यांनी, रुसलेल्या मनांनी त्या नाचतात. २०२३च्या पावसाळ्यात बायका नटूनथटून, घोळक्या-घोळक्यांनी तो बघायला गेल्या. किती तरी जणींनी घरच्या पुरुषांना न विचारता सिनेमाचा बेत ठरवला असेल.

आणि ‘गुलाबी साडी’? २०२४चं हे गाणं कुठल्याच सिनेमाचं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने ते लिहिलं, गायलं, आणि जी-स्पार्कच्या ठेक्यावर ते देशभर गेलं. मराठी न कळणारी माणसंही त्यावर नाचली. त्याला उथळ म्हणणाऱ्यांशी मी भांडते. नवी साडी नेसल्यावर आपला फोटो कुणीतरी काढावा असं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. माझ्या आईला ते कधी बोलून दाखवता आलं नाही. या गाण्यातली बाई ते हक्काने सांगते, आणि सांगायची भाषा कुठल्या पुस्तकातली नसते, बोलण्यातलीच असते.

फक्त अडीच-तीन मिनिटांत ते संपतं आणि त्या बाईचं पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून मला वाटतं, कुणीतरी या संजूला एक अख्खा सिनेमा द्यावा. त्याच्याकडून नाचाचं एक गाणं घ्यावंच, ते तो हसत करील. पण त्याच बाईचं भांडणाचं, रुसव्याचं, एकटीनं बसची वाट बघण्याचं गाणंही मागावं. आणि दिग्दर्शक असा असावा की लोक आता पुन्हा नाचायला उठणार असं दिसलं, तरी तिथे तो गाणं देणार नाही.